सहाबारीची वंशावळ

इ. स. २०२१ च्या ऑगस्ट महिन्याच्या २७ तारखेस अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं बॉनहॅम्स या लिलाव करणाऱ्या पेढीनें एक जुनें रिव्हॉल्व्हर विकावयास काढिलें. त्यास वीस ते तीस लक्ष डॉलर येतील असा जाणत्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षांत तें ६०,३०,३१३ डॉलरांस गेलें. तोंपर्यंत कोणतेंही अग्निशस्त्र लिलावांत एवढ्या किंमतीस विकलें गेलें नव्हतें.

वाचकहो, हें रिव्हॉल्व्हर सोन्याचें नव्हतें, कीं त्यावर रत्नें जडविलेलीं नव्हतीं. ज्यास आपल्याकडे सहाबारी म्हणतात, त्या जातीचें तें एक साधें शस्त्र होतें. फिरत्या नळकांड्यांत सहा घरें, प्रत्येक घरांत एक काडतूस, आणि घोडा ओढला कीं पुढचें घर नळीसमोर येतें, एवढीच त्याची रचना. कोल्ट कंपनीनें १८७३ पासून १९४० पर्यंत याच नमुन्याचीं साडेतीन लक्षांहून अधिक रिव्हॉल्व्हरें तयार केलीं. पोलाद तेंच, घाट तोच, कारखानाहि तोच. मग या एकाच नगांत असें काय होतें?

उत्तर असें कीं, घेणाऱ्यानें लोखंडाची किंमत दिली नाहीं. त्यानें पुराव्याची किंमत दिली. १४ जुलै १८८१ च्या रात्रीं न्यू मेक्सिको प्रांतांत बिली दि किड या नांवाजलेल्या फरारी गुन्हेगाराचा ज्या शस्त्रानें अंत झाला, तें हेंच, ही गोष्ट नुसती सांगितली जात नव्हती. ती कागदोपत्रीं दाखवितां येत होती. असा पुरावा कसा गोळा होतो, कोठें बळकट असतो आणि कोठें तुटतो, हें या लेखांत पाहावयाचें आहे. विषय शस्त्राचा असला तरी पद्धति इतिहासाची आहे, आणि ती विद्यार्थ्यांस अनेक ठिकाणीं उपयोगीं पडेल.

फेरफारांची माळ

आपल्याकडे जमिनीचे व्यवहार ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ही गोष्ट समजावयास कठीण नाहीं. शेताचा सातबारा आजचा धारक कोण तें सांगतो. परंतु तें शेत त्याच्याकडे कसें आलें हें पाहावयाचें असेल तर फेरफाराच्या नोंदी काढाव्या लागतात. वडील वारले, वारस लागले, एका भावानें आपला हिस्सा विकला, अशी एकेक नोंद एकेका बदलाची साक्ष देते. मधली एखादी नोंद गहाळ झाली म्हणजे पुढचे सर्व कागद लंगडे पडतात आणि भाऊबंदकीस तोंड फुटतें.

जुन्या वस्तूचीहि अशीच एक माळ असते. ती वस्तु कोणी केली, प्रथम कोणास विकली, त्याच्याकडून ती कोणाकडे गेली, विकत गेली कीं वारशानें, बक्षीस म्हणून कीं उसनी, हें क्रमानें सांगतां आलें पाहिजे. येथें दोन शब्दांतील भेद आरंभींच लक्षांत ठेवावा. ज्याच्या हातांत वस्तु आहे त्याचा तिच्यावर ताबा असतो; पण ताबा म्हणजे मालकी नव्हे. या भेदावरच पुढें एक मोठा खटला उभा राहिला. त्याची हकीकत ओघानें येईल.

लोखंड काय सांगतें

शोधाचा प्रारंभ वस्तूपासूनच करावयाचा असतो. रिव्हॉल्व्हराच्या अंगावर कारखान्यानें घातलेला क्रमांक हें त्याचें खरें नांव होय. कोल्टच्या वरील नमुन्यांत हा क्रमांक तीन ठिकाणीं आढळतो: मुख्य सांगाड्याच्या खालच्या अंगास, चापाभोंवतींच्या कड्यावर आणि मुठीच्या मागील पट्टीवर. तिन्ही ठिकाणचे आंकडे जुळले तर हे भाग मूळचेच एकमेकांचे सोबती आहेत असें मानावयास आधार मिळतो. एखादा न जुळला तर दोन मोडक्या शस्त्रांचें मिळून एक केलें असावें अशी शंका घ्यावी. आंकड्याभोंवतालचें पोलाद घांसलेलें किंवा खोलगट दिसलें तर शंका अधिकच बळावते; कारण जुना आंकडा खरडून नवा ठोकणारे लोक सर्व देशांत असतात.

क्रमांकाखेरीज दुसऱ्याहि खुणा असतात. इंग्लंडांत तयार झालेल्या बंदुकीची नळी विकण्यापूर्वीं परीक्षागृहांत न्यावी लागे. तेथें नेहमींपेक्षां अधिक जोराचा बार तींतून काढून पाहात, आणि नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का उठवीत. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ मध्यें सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. शिक्क्यांचे आकार काळानुसार बदलत गेले, म्हणून शिक्क्यावरून गांव आणि अदमासें काळहि ओळखतां येतो.

मालकीच्या दृष्टीनें सर्वांत बोलकी खूण म्हणजे ब्रिटिश सरकारचा रुंद बाण. सरकारी मालकीच्या शस्त्रांवर बाणाच्या अग्रासारखी ही खूण असे. पुढें सरकारनें तें शस्त्र आपल्या सेवेंतून काढून विकलें म्हणजे पहिल्या बाणासमोर दुसरा उलटा बाण, टोकाला टोक भिडवून, ठोकीत. एक बाण म्हणजे “हें सरकारचें”, आणि समोरासमोर दोन बाण म्हणजे “सरकारनें यावरील हक्क सोडला”. एका अक्षराचाहि उपयोग न करतां पोलादावर लिहिलेलें हें खरेदीखतच होय.

तथापि लोखंडाची साक्ष एवढ्यावरच संपते. वस्तु कोठें झाली, केव्हां झाली, कोणत्या खात्यांत होती, हें ती सांगते. ती अमक्या मनुष्याच्या कमरेला होती हें मात्र तिला सांगतां येत नाहीं. त्यासाठीं कागदाकडे वळलें पाहिजे.

वहींत काय सापडतें

अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरीं कोल्टचा कारखाना होता. तेथून बाहेर पडणाऱ्या मालाची नोंद वह्यांत होत असे, आणि त्या नोंदींवरून अमुक क्रमांकाचें रिव्हॉल्व्हर कोणत्या तारखेस, कोणत्या रूपांत व कोणाकडे रवाना झालें याचा दाखला पुढें संग्राहकांस मिळूं लागला. नळीची लांबी, मुलामा, मुठीचें साहित्य, काडतुसाचें माप, हें सर्व त्या दाखल्यांत येतें. समोरची वस्तु या वर्णनाशीं ताडून पाहातां येते, आणि नळी मागाहून कापली असेल किंवा मुलामा नवा असेल तर तें तेथेंच उघडकीस येतें.

कधीं कधीं नशीब चांगलें असतें. कॅन्सस प्रांतांतील डॉज सिटी गांवीं राहणारा बॅट मास्टरसन हा त्या काळचा एक नामांकित शांतिरक्षक. त्यानें २४ जुलै १८८५ रोजीं स्वतः कोल्ट कंपनीस पत्र लिहून आपणांस कसें रिव्हॉल्व्हर पाहिजे तें कळविलें. निकेलचा मुलामा असावा, नेम धरण्यासाठीं नळीच्या टोकास जी माशी असते ती नेहमींपेक्षां जरा उंच व जाड असावी, अशा त्याच्या सूचना होत्या. हें पत्र राहिलें आहे. घेणाऱ्याचें पत्र आणि कारखान्याची नोंद एकमेकांशीं जुळलीं म्हणजे माळेचा पहिला मणि पक्का झाला.

पण असें भाग्य विरळा. बहुतेक वेळां कारखान्याच्या वहींत वापरणाराचें नांव नसून घाऊक व्यापाऱ्याचें नांव असतें. त्या व्यापाऱ्यानें माल पुढें कोणत्या गांवच्या दुकानदारास दिला आणि दुकानदारानें कोणत्या गिऱ्हाइकास दिला, हें त्यांच्या वह्या नाहींशा झाल्या असल्यास कळण्यास मार्ग राहात नाहीं. आमच्या मुंबईचेंच उदाहरण घ्या. काळा घोडा येथें ज्या इमारतीस आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग म्हणतात, तेथें त्या नांवाच्या विलायती संस्थेचें दुकान होतें. हिंदुस्थानांत येणारे गोरे अधिकारी आपलीं रिव्हॉल्व्हरें पुष्कळदां पदरच्या पैशानें विकत घेत, आणि या संस्थेमार्फत विकल्या गेलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरांवर तिचें नांव कोरलेलें आढळतें. त्या अक्षरांवरून विकणारा कळतो. घेणारा कळत नाहीं. दुकानाचें नांव वाचून एखाद्या सेनापतीची आठवण काढणें म्हणजे भांड्यावर तांबटाचें नांव पाहून घरधनी ओळखण्यासारखें आहे.

क्रमांक ५५०९३

आतां ज्या रिव्हॉल्व्हरापासून आरंभ केला त्याकडे वळूं. त्याचा क्रमांक ५५०९३. तें १८८० सालीं तयार झालें. नळी साडेसात इंच लांब.

त्याचा ज्ञात असलेला पहिला धारक बिली विल्सन हा बिली दि किडच्या टोळींतील एक तरुण. १८८० च्या डिसेंबरांत, नाताळाच्या दोन दिवस आधीं, न्यू मेक्सिकोंतील स्टिंकिंग स्प्रिंग्ज येथें एका दगडी झोंपडींत ही टोळी वेढली गेली आणि शरण आली. वेढा घालणारांचा प्रमुख पॅट गॅरेट. त्याची नुकतीच लिंकन परगण्याचा शेरीफ, म्हणजे शांतिरक्षणाचा मुख्य अधिकारी, म्हणून निवड झाली होती. शरण आलेल्या विल्सनपाशीं असलेलें रिव्हॉल्व्हर गॅरेटनें घेतलें आणि तो तें स्वतः वापरूं लागला. याच विल्सनला पुढें १८९६ मध्यें अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं क्षमा केली, आणि त्या कामीं गॅरेटनेंच खटपट केली.

बिली दि किड यास एका शेरीफाच्या खुनाबद्दल फांशीची शिक्षा झाली. परंतु २८ एप्रिल १८८१ रोजीं दोन पहारेकऱ्यांस ठार करून तो लिंकन येथील कैदेंतून निसटला. गॅरेट त्याच्या मागावर होता. १४ जुलैच्या रात्रीं फोर्ट सम्नर येथें पीट मॅक्सवेल नांवाच्या गृहस्थाच्या अंधाऱ्या खोलींत दोघांची अकस्मात् गांठ पडली. गॅरेटनें दोन बार काढले. पहिलाच जीवघेणा ठरला. मरणाऱ्याचें वय अवघें एकवीस वर्षांच्या आसपास. त्याच्याविषयीं पुढें किती कथा रचल्या गेल्या त्यास गणति नाहीं. पण आपणांस येथें शस्त्राचाच माग काढावयाचा आहे.

पुढें गॅरेटचे दिवस बदलत गेले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्याला १९०१ मध्यें टेक्सासांतील एल पासो येथें जकात खात्याचा अधिकारी नेमलें. कांहीं वर्षांनीं ती जागाहि गेली. एल पासोंत टॉम पॉवर्स नांवाचा त्याचा एक स्नेही होता. त्याच्या मद्यगृहांत जुन्या शस्त्रांचा संग्रह मांडलेला असे. तेथें हें रिव्हॉल्व्हर गॅरेटनें ठेवावयास दिलें.

या वेळीं एक गोष्ट घडली, आणि या सर्व कथेंत तिच्याइतकी मोलाची दुसरी गोष्ट नाहीं. १९०६ मध्यें गॅरेटच्या सहीचा एक कागद झाला. ५५०९३ या क्रमांकाचें कोल्ट रिव्हॉल्व्हर शेरीफ असतांना आपल्यापाशीं होतें आणि त्यानेंच आपण किडला मारिलें, असा त्या कागदाचा आशय. केवळ “माझें जुनें रिव्हॉल्व्हर” असें त्यांत असतें तर तो कागद कोणत्याही कोल्टाशेजारीं ठेवतां आला असता. आंकडा घातल्यामुळें तो जगांतील एकाच रिव्हॉल्व्हराला चिकटून बसला.

अर्थात् विचारी वाचकानें येथेंहि थोडें थांबावें. ही सही घटनेनंतर पंचवीस वर्षांनीं झालेली आहे. ती करणारा घटनेचा कर्ता होता. तेव्हां त्याला ठाऊक असणें स्वाभाविक, तसाच आपल्या कीर्तीचा त्याला अभिमान असणेंहि स्वाभाविक. पण शस्त्र मधल्या काळांत त्याचेंच होतें आणि सही झाली तेव्हां तो जिवंत असून प्रश्नाला उत्तर देऊं शकत होता, या दोन कारणांनीं त्या कागदाचें वजन मोठें आहे.

विधवेचा दावा

२९ फेब्रुवारी १९०८ रोजीं न्यू मेक्सिकोंतील लास क्रूसेस गांवाबाहेर रस्त्यावर गॅरेटचा गोळी घालून खून झाला. संपत्ति फारशी नव्हती. कर्जें मात्र होतीं. मागें विधवा आपोलिनारिया आणि मुलें राहिलीं. रिव्हॉल्व्हर पॉवर्सच्या संग्रहांतच राहिलें. वर्षांमागून वर्षें लोटलीं. येणारे जाणारे तें पाहात आणि पॉवर्सचें म्हणून ओळखीत.

१९३० च्या सुमारास पॉवर्सहि वारला. त्याच्या मिळकतीची व्यवस्था पाहाणारांच्या दृष्टीनें हें शस्त्र त्या मिळकतीपैकींच एक होतें. विधवेनें तें मागितलें, तें मिळेना. तेव्हां उतारवयांतील त्या बाईनें न्यायालयांत दावा लावला. आपल्या पतीनें रिव्हॉल्व्हर मित्रास पाहावयास, मांडून ठेवावयास दिलें होतें. तें कायमचें देऊन टाकिलें नव्हतें, असें तिचें म्हणणें.

या वादांत शस्त्र कोठलें, कोणी चालविलें, यांविषयीं तंटाच नव्हता. प्रश्न एवढाच होता कीं, दिलें तें कोणत्या नात्यानें दिलें? बक्षीस कीं उसनें? शेजारणीनें कार्यासाठीं नेलेलें पातेलें तिच्या फडताळांत पाव शतक राहिलें म्हणून तें तिचें होत नाहीं. पण तें उसनें नेलें होतें याची आठवण असणारे जर मरून गेले तर तें परत मागणें किती अवघड! दोन मित्रांमध्यें जें विश्वासानें झालें, त्याचा उलगडा दोघांच्याहि मृत्यूनंतर परक्या माणसांस करावा लागला. अखेर न्यायालयानें विधवेच्या बाजूनें निकाल दिला आणि रिव्हॉल्व्हर गॅरेटच्या घरीं परत आलें. १९३६ मध्यें ती वारली.

बाईस तो निकाल आपल्या पतीची वस्तु मिळाली म्हणून प्रिय असेल. इतिहास शोधणारांस तो दुसऱ्या कारणानें मोलाचा आहे. न्यायालयांत दोन्ही पक्ष एकमेकांच्या पुराव्यांतील छिद्रें शोधावयास टपलेले असतात. तेथून जी गोष्ट टिकून बाहेर पडते तिला परीक्षागृहाचा शिक्का बसल्यासारखाच होय. त्यानंतर रिव्हॉल्व्हर मुलाकडे राहिलें, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संग्राहकांच्या हातीं जाऊन शेवटीं टेक्सासांतील एका दांपत्याच्या संग्रहांत आलें. २०२१ चा लिलाव त्या संग्रहाचाच होता. विल्सन, गॅरेट, पॉवर्सकडील ठेव, विधवा, मुलगा, संग्राहक, अशी ती एकशें चाळीस वर्षांची माळ.

खोट्या वंशावळी

जेथें कीर्तीला दाम येतो तेथें खोटी कीर्ति बाजारांत यावयास उशीर लागत नाहीं. ज्या मास्टरसनचें पत्र वर सांगितलें, त्याच्याविषयींच एक गोष्ट प्रसिद्ध आहे. उतारवयांत तो न्यूयॉर्क शहरीं वृत्तपत्रांत लिहीत असे. एक संग्राहक त्याचें जुनें रिव्हॉल्व्हर मागून मागून त्याला त्रास देऊं लागला. तेव्हां मास्टरसननें गहाणवट्याच्या दुकानांतून एक जुनें कोल्ट आणिलें, मारलेल्या माणसांच्या गणतीसाठीं म्हणून त्याच्या मुठीवर चाकूनें खांचा पाडल्या आणि तें त्याच्या गळ्यांत घातलें, असें सांगतात. जेसी जेम्स या दरोडेखोराच्या आईविषयींहि तसेंच सांगतात कीं, मुलाच्या मृत्यूनंतर घर पाहावयास येणारांस ती “हें माझ्या जेसीचें” म्हणून कोठून तरी आणिलेलीं जुनीं पिस्तुलें विकीत असे.

या गोष्टींत तिखटमीठ किती हें बाजूस ठेविलें तरी त्यांतील बोध खरा आहे. खुद्द प्रसिद्ध माणसाच्या हातून मिळालेली वस्तुहि त्याची असेलच असें नाहीं! म्हणून कोणतीही वंशावळ समोर आली म्हणजे पुढील चार प्रश्न क्रमानें विचारावेत.

पहिला: कागदांत वस्तूचा क्रमांक किंवा दुसऱ्या कशांत न आढळणारी खूण आहे काय? नसेल तर तो कागद कोणत्या वस्तूचा हें ठरवितां येणार नाहीं.

दुसरा: कागद केव्हां लिहिला? घटनेच्या जितका जवळ, तितका बरा. आणि किंमत चढण्यापूर्वींचा असेल तर फारच बरा.

तिसरा: लिहिणाऱ्यास तें प्रत्यक्ष ठाऊक होतें काय, आणि त्यांत त्याचा लाभ कोणता? विकणाऱ्यानें विक्रीच्या दिवशीं दिलेलें प्रतिज्ञापत्र हें बहुधा स्वतःच्याच तोंडची स्तुति असते.

चवथा: मधला एखादा मणि गळला आहे काय? एका धारकापासून दुसऱ्याकडे वस्तु कशी गेली हें जेथें सांगतां येत नाहीं, तेथें “बहुधा” हा शब्द लिहावा, आणि पुढें कोणीहि तो खोडूं नये.

रंगाखालचा आंकडा

हीच पद्धति आपल्या देशांत एका अधिक जिव्हाळ्याच्या वस्तूस लागू पडली. १७ डिसेंबर १९२८ रोजीं लाहोर येथें सॉन्डर्स या पोलीस अधिकाऱ्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. पहिली गोळी झाडणारे शिवराम हरि राजगुरु हे पुणें जिल्ह्यांतील खेडचे, ज्या गांवास आज राजगुरुनगर म्हणतात. त्यांच्या मागोमाग भगतसिंग यांनीं आपलें पिस्तुल चालविलें. २३ मार्च १९३१ रोजीं या दोघांस सुखदेव यांच्यासह फांशी देण्यांत आलें.

भगतसिंगांचें शस्त्र हें सहाबारी नव्हतें. तें कोल्ट कारखान्याचेंच, परंतु मुठींत काडतुसें भरावयाचें आपोआप चालणारें पिस्तुल होतें. खटल्याच्या कागदांत त्याचा क्रमांक १६८८९६ असा नोंदलेला होता. पुढें अनेक वर्षें तें कोठें आहे हें लोकांस ठाऊक नव्हतें. १९६९ मध्यें पंजाबांतील फिल्लौर येथील पोलीस शिक्षणसंस्थेंतून कांहीं जुनीं शस्त्रें इंदूर येथें सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेस पाठविलीं गेलीं. त्यांतच तें होतें. तेथील संग्रहालयांत तें वर्षानुवर्षें इतर जुन्या पिस्तुलांच्या ओळींत पडून होतें, आणि गंजूं नये म्हणून दिलेल्या काळ्या रंगाखालीं त्याचा आंकडा झांकला गेला होता. २०१६ मध्यें एका पत्रकारानें कागदांचा माग काढीत त्याची चौकशी केली. रंग खरवडल्यावर खालीं तोच क्रमांक निघाला. २०१७ मध्यें तें पिस्तुल पंजाबांत हुसैनीवाला येथें नेण्यांत आलें. तिघांवर अंत्यसंस्कार झाले तें हेंच ठिकाण.

येथें लिलाव नव्हता, डॉलरहि नव्हते. तथापि लॉस एंजेलिस येथें ज्या गोष्टीनें काम केलें तिनेंच इंदुरांतहि केलें. कागदावर एक आंकडा होता, पोलादावर तोच आंकडा होता, आणि दोन्ही एकत्र आणण्याचे कष्ट घेणारा कोणी तरी निघाला. न्यायालयाच्या कारकुनानें त्या दिवशीं सहा आंकड्यांऐवजीं नुसतें “एक पिस्तुल” असें लिहिलें असतें तर तें शस्त्र आजहि त्या ओळींत निनांवी पडलें असतें.

आपल्या घरीं

विद्यार्थ्यांस येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरांत, माळ्यावर, जुन्या पेटींत बंदूक किंवा पिस्तुल आढळलें तर त्यास हात लावूं नये. तें भरलेलें नाहीं असें गृहीत धरून कित्येकांनीं प्राण गमावले आहेत. वडिलधाऱ्यांस सांगावें, आणि त्यांनीं परवान्याची चौकशी करावी. कारण आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्रास्त्रांच्या कायद्याप्रमाणें विनापरवाना बंदूक बाळगणें हा गुन्हा आहे.

पण माग काढण्याची ही विद्या शिकावयास शस्त्रच पाहिजे असें मुळींच नाहीं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतील पुष्कळ घरांतून पणज्यांना मिळालेलीं १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांतील पदकें आहेत. त्यांतील रुपेरी ब्रिटिश युद्धपदक हातांत घेऊन त्याची कड उजेडांत फिरवून पाहा. तेथें बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते. ही झाली लोखंडाची साक्ष. आतां ज्यांस ठाऊक असेल अशा घरांतील वृद्ध माणसास विचारा: हें कोणाचें, त्यांच्यानंतर कोणी सांभाळलें, आपल्याकडे कसें आलें? जें कळेल तें त्याच दिवशीं वहींत लिहा. सांगणाराचें नांव आणि तारीख घाला. जें नक्की नाहीं तेथें “बहुधा” लिहा. घड्याळ असेल तर मागचें झांकण सोनाराकडून उघडवून आंतला क्रमांक उतरून घ्या. पंचपात्रीवर नांव व साल कोरलेलें असेल तर तेंहि जसेंच्या तसें उतरा.

पालकांसहि एक विनंति. कोणास कांहीं उसनें द्याल, मुलीस किंवा सुनेस एखादा दागिना द्याल, भावाकडे एखादी वस्तु ठेवावयास द्याल, तेव्हां दोन ओळी लिहून ठेवा: काय दिलें, केव्हां दिलें, आणि दिलें कीं ठेवावयास दिलें. तसें लिहिण्यानें स्नेहास उणेपणा येत नाहीं. गॅरेट आणि पॉवर्स यांच्यांत शेवटपर्यंत स्नेह होता असें मानलें तरी त्या दोन ओळी नव्हत्या म्हणून एका वृद्ध विधवेस न्यायालयाची पायरी चढावी लागली. तिच्या बाजूस सत्य होतें, आणि तें सिद्ध करावयास सुदैवानें कांहीं पुरावाहि होता. पुष्कळांच्या बाजूस पहिलें असतें, दुसरें नसतें.